जर्मनीत चकली-चिवडा पाकिटबंद करून विकायचा आहे, सुरुवात कुठून करू?

भाजणी:
नमस्कार मंडळी. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना) आहे, मी त्याच्या मागोमाग कुटुंबाच्या व्हिसावर आले. दर दिवाळीला भाजणीची चकली आणि पातळ पोह्यांचा काजू चिवडा करते. आता ओळखीतले लोक पैसे देऊन मागू लागलेत. इथल्या एका भारतीय किराणा दुकानदाराने "पाकिटं करून द्या, ठेवतो" असं सांगितलंय. मला हे कायद्याला धरूनच करायचंय. घरच्या स्वयंपाकघरात चालतं का? पाकिटावर काय लिहावं लागतं? की सांगलीहून तयार माल मागवणं सोपं पडेल?

माइनकाठ:
ताई, आधी तुमच्या राहण्याच्या परवान्यावर काय छापलंय ते बघा. कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्यांना नोकरीबरोबर स्वतःचा धंदाही करता येतो. ब्लू कार्डवाल्याला मात्र धंद्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणून नोंदणी तुमच्याच नावावर करा, यजमानांच्या नको.

मग गेवेर्बेची, म्हणजे धंद्याची, नोंदणी, आणि जिल्ह्याच्या अन्नतपासणी खात्यात, म्हणजे बहुतेक ठिकाणी व्हेटेरिनेरआम्टमध्ये (पशुवैद्यकीय कार्यालयात), व्यवसायाची नोंद. शिवाय गेझुंडहाइट्सआम्टचं, म्हणजे आरोग्य खात्याचं, स्वच्छतेचं प्रशिक्षण, ज्याला इथे बेलेरुंग म्हणतात. कामाला सुरुवात करताना ते प्रमाणपत्र तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर युरोपच्या स्वच्छता नियमांत राहत्या घरात बनवून विकण्यासाठी वेगळा भाग आहे, म्हणजे सरसकट बंदी नाही. पण नोंदणीच्या वेळी तुमच्या जिल्ह्याचा अधिकारी काय मागेल, ते खरं महत्त्वाचं. वेगळं हात धुण्याचं बेसिन, पुसून काढता येतील अशा भिंती, घरच्या सामानापासून वेगळं ठेवलेलं धंद्याचं सामान असं बरंच निघतं. एक पैसाही खर्च करण्याआधी त्यांना फोन करा. तळलेला, कोरडा, टिकाऊ पदार्थ आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, त्याने बोलणं सोपं होतं. घर जमलं नाही तर तासावर भाड्याने मिळणारी स्वयंपाकघरं शोधा.

पाकिटबंद:
मी लेबलांचंच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. युरोपचा ११६९/२०११ हा नियम तुमचा पाया. मजकूर जर्मनमध्ये हवा: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, कधीपर्यंत उत्तम राहील ती तारीख, लॉट क्रमांक (कुठल्या खेपेचा माल ते कळावं म्हणून), तुमचं नाव-पत्ता, आणि दर १०० ग्रॅममागे पोषणमूल्यांचा तक्ता. अक्षराची उंची, इंग्रजी लहान एक्स जेवढा असतो तेवढी, किमान १.२ मिलिमीटर. फार लहान पाकिटाला ०.९ चालते.

आपले लोक अडकतात ते ॲलर्जीच्या घटकांवर. यादीत १४ आहेत आणि ते घटकांमध्ये ठळक अक्षरात उठून दिसायला हवेत. तुमच्या चिवड्यातले शेंगदाणे, काजू, तीळ त्यात येतात, आणि फोडणीतली मोहरीसुद्धा येते. चिमूटभर असली तरी लिहायचीच. खोबरं त्या यादीत नाही.

सगळ्यांत जास्त लक्ष हिंगाकडे द्या. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. तुमची भाजणी तांदूळ-डाळींची असेल, पण त्या हिंगामुळे घटकांमध्ये गहू ठळक लिहावाच लागतो. "ग्लूटेनमुक्त" लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं, तेव्हा तो मोह टाळाच. ज्याला गहू खरोखर चालत नाही असा माणूस तुमच्या शब्दावर विसंबून खाणार आहे.

"काजू चिवडा" असं नाव ठेवलंत तर काजू किती टक्के तेही छापावं लागेल. साधं "पोहे चिवडा" ठेवा. आणि हळदीने प्रतिकारशक्ती वाढते वगैरे काहीही पाकिटावर नको. युरोपने मंजूर केलेले आरोग्यदावे तेवढेच चालतात.

कोथरूड_ते_कोलोन:
माझं मत वेगळं. इथे तासन् तास सोऱ्या फिरवण्यात मजुरी निघत नाही. भारतातल्या चांगल्या कारखान्याकडून माल आणा, लेबल इथल्या नियमाने लावून घ्या.

माइनकाठ:
मोठ्या व्यापाऱ्याला ते परवडेल, ताईंना नाही. माल आणलात की आयातदार म्हणून सगळी जबाबदारी तुमच्या डोक्यावर. शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ (बुरशीचं विष) किलोमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की माल बाद. भारतातून येणाऱ्या तिळात २०२० साली इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू) सापडलं, तेव्हा युरोपभर किती माल परत घेतला गेला आठवतंय ना? तेव्हापासून तिळावर जादा तपासणी आहे. शेंगदाणे, मिरची, कढीपत्ता यांच्यावरही अशी तपासणी असते आणि ती यादी दर सहा महिन्यांनी बदलू शकते.

शिवाय तिकडे डालडात तळलं असेल तर? चरबीच्या १०० ग्रॅममागे औद्योगिक ट्रान्स फॅट २ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, २०२१ पासून. पिवळ्या-केशरी रंगांपैकी टार्ट्राझिन किंवा सनसेट येलो असेल तर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. चकलीत लोणी घातलेलं असेल तर दुग्धजन्य घटकांचे नियम आणखी वेगळे. प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा खर्च शंभर पाकिटांवर कसा बसवायचा?

कोथरूड_ते_कोलोन:
लोण्याचं लक्षात आलं नव्हतं. छोट्या प्रमाणात इथेच करणं बरं, मान्य.

भाजणी:
किती मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी! मी चकलीत तेलाचंच मोहन घालते, लोणी नाही. आता दोन शंका. पोषणमूल्यांचा तक्ता प्रयोगशाळेतूनच करावा लागतो का? आणि पाकिटांच्या कचऱ्याबद्दल कोणीतरी काहीतरी म्हणत होतं.

पाकिटबंद:
कचऱ्याचं आधी. पहिलं पाकीट विकण्यापूर्वी लुसिड या पाकिटं-वेष्टनांच्या सरकारी नोंदवहीत नाव घाला. नोंदणी फुकट आहे. त्याशिवाय पाकिटं गोळा करणाऱ्या एखाद्या यंत्रणेशी करार करून त्यांचं शुल्क भरावं लागतं. "आम्ही अगदीच लहान" म्हणून यातून सूट नाही, पाकीट एक असलं तरी नियम तोच.

तक्ता घटकांच्या प्रसिद्ध सरासरी आकड्यांवरून काढलेला चालतो. अगदी छोटा उत्पादक थेट गिऱ्हाइकाला किंवा जवळच्या दुकानाला देत असेल तर तक्त्यातून सूटही आहे. तुमचा दुकानदार त्यात बसतो का, ते त्याच अन्नतपासणी अधिकाऱ्याला विचारा. मी तरी तक्ता छापाच म्हणेन, पुढे दुसऱ्या शहरातल्या दुकानाने माल मागितला तर नव्याने पाकीट करावं लागत नाही. फक्त तळणीत हिशोब चुकतो, कारण चकली किती तेल पिते ते कोष्टकात नसतं. कढईतलं तेल घाण्याआधी आणि नंतर वजन करा, कच्च्या आणि तळलेल्या चकलीचंही वजन करा. असे काही घाणे मोजून सरासरी काढा.

टिकण्याची तारीख मात्र अंदाजाने टाकू नका. पाकिटं बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक फोडा, वास आणि कुरकुरीतपणा लिहून ठेवा. खवट वास पहिल्यांदा खोबऱ्याच्या कापांना आणि शेंगदाण्यांना येतो. म्हणून आधी चकलीच बाजारात आणा, चिवडा नंतर.

भाजणी:
मग चकलीच. सोमवारी व्हेटेरिनेरआम्टला फोन करते आणि ते काय काय मागतात ते इथे लिहिते.