मदत हवी आहे : फायबर होडीच्या तळाला चीर

नमस्कार मंडळी. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला मी आणि धाकटा भाऊ जाळी टाकतो. खडकावरून ओढून ओढून आमच्या फायबर होडीच्या तळाला वीतभर चीर पडली आहे. डांबर लावलं, चार दिवसांत सुटलं. आता होडी पालथी घालून वाळवली आहे. चिरेभोवती किती घासायचं, मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) थर किती द्यायचे, रेझिनमध्ये (ते जोडणाऱ्या चिकट द्रवात) तो घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा? बेळगावात हे सामान सुटं कुठं मिळेल?

चंदगडकडं पाऊस लागला की घटप्रभा, म्हणजे या धरणाची नदी, चढते, त्याआधी काम व्हायला हवं.

आणखी एक, आणि माझ्या जिवाला खरा घोर याचाच आहे. भावाला पोहता येत नाही, तरी लाइफ जॅकेट घालत नाही. जाळं त्यात अडकतं म्हणतो. जाळं ओढताना आड न येणारं जॅकेट कुणी वापरतं का?