२४८ मतांचा निकाल : पोटनिवडणुकीला सरकारविषयीचा कौल म्हणावे का?

कालव्याकाठी (धागाकर्ता)

१६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री मॉन्ट्रियलच्या लासाल–एमार–व्हर्डन मतदारसंघातील पोटनिवडणुकीची मतमोजणी मी घरी बसून पाहत होतो. लाशीन कालव्यापासून चालत दहा मिनिटांवर, याच मतदारसंघात माझे घर आहे. परंतु कॅनडाचे नागरिकत्व नसल्यामुळे मला मतदानाचा हक्क नाही. लग्नघरात डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखी माझी स्थिती होती : उत्सुकता भरपूर, अधिकार काहीच नाही. सत्ताधारी लिबरल, फक्त क्विबेक प्रांतात लढणारा ब्लॉक क्विबेक्वा आणि डावीकडे झुकलेला एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या तिन्ही पक्षांचे उमेदवार तासन्‌तास एकमेकांना खेटून चालले होते. पहाटेचे अडीच उलटून गेल्यावर ब्लॉकचे लुई-फिलिप सोव्हे यांनी लिबरल पक्षाच्या लॉरा पॅलेस्टिनी यांना २४८ मतांनी हरवल्याचे स्पष्ट झाले. सोव्हे यांना २८ टक्के, पॅलेस्टिनी यांना सुमारे २७ आणि एनडीपीचे क्रेग सोव्हे यांना सुमारे २६ टक्के मते पडली होती.

माजी न्यायमंत्री डेव्हिड लामेटी यांच्या राजीनाम्यामुळे ही जागा रिकामी झाली होती. लिबरल पक्ष ती घरचीच समजत असे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर होता, की जनतेने तेव्हाचे लिबरल पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्याविरुद्ध कौल दिला. त्या अर्थनिर्णयनाशी मी तेव्हाही सहमत नव्हतो आणि आजही नाही. ज्या विजेत्याला शंभरातील बहात्तर मतदारांनी मत दिलेले नाही, त्याच्या विजयात साऱ्या देशाचे मन शोधणे म्हणजे ओढ्याच्या पाण्यावरून समुद्राची भरती ओळखण्यासारखे आहे. त्यातही मतदान निम्म्याहून बरेच कमी झाले होते. पुढे २८ एप्रिल २०२५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हीच जागा लिबरल पक्षाने परत मिळवली आणि देशाचे सरकारही पुन्हा त्याच पक्षाचे आले. सात महिन्यांत उलटणारा तो कौल कसला? पोटनिवडणुकीत सरकार बदलणार नाही याची मतदाराला खात्री असते, म्हणून तो राग मोकळेपणाने व्यक्त करतो. सरकार निवडायची वेळ आली की तोच मतदार वेगळा हिशेब मांडतो. माझे म्हणणे इतकेच आहे की या दोन हिशेबांची गल्लत करू नये.

ओंटारिओकर

आपली मांडणी नेटकी आहे, पण तिचा पाया मला भुसभुशीत वाटतो. विजेत्याला किती टक्के मते मिळाली हा येथे प्रश्नच नाही. सत्ताधारी पक्षाने किती गमावली हा प्रश्न आहे. २०२१ मध्ये लामेटी यांना याच मतदारसंघात सुमारे ४३ टक्के, म्हणजे वीस हजारांहून अधिक मते होती. तीन वर्षांनी त्यांच्या पक्षाला नऊ हजारांचाही आकडा गाठता आला नाही. पोटनिवडणुकीत मतदान कमी होते हे मान्य केले, तरी टक्केवारीतील सोळा गुणांची घसरण त्याने झाकली जात नाही.

शिवाय ही घटना सुटी नव्हती. त्याआधी २४ जून रोजी टोरोंटो–सेंट पॉल्स या १९९३ पासून लिबरल पक्षाकडे असलेल्या मतदारसंघात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डॉन स्टुअर्ट निवडून आले होते. ती रात्र मी जागून काढली. लिबरल उमेदवार लेस्ली चर्च बहुतेक वेळ पुढे होत्या आणि पहाटे साडेचारच्या सुमारास चित्र पालटले. अंतिम फरक सहाशेच्या किंचित वर राहिला. एक जागा अपघाताने जाऊ शकते. तीन महिन्यांच्या आत दोन शहरांतील दोन बालेकिल्ले, तेही दोन वेगवेगळ्या विरोधी पक्षांकडे जातात, तेव्हा त्याला अपघात म्हणता येत नाही.

आता ‘कौल सात महिन्यांत उलटला’ या मुद्द्याकडे वळतो. ऑक्टोबरमध्ये लिबरल पक्षाच्याच २४ खासदारांनी ट्रूडो यांनी पायउतार व्हावे अशी मागणी करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या, डिसेंबरमध्ये अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी राजीनामा दिला आणि ६ जानेवारी २०२५ रोजी ट्रूडो यांनी पद सोडण्याची घोषणा केली. एप्रिलमध्ये मतदारांसमोर लिबरल पक्षाचे नवे नेते मार्क कार्नी होते. तापमापकाने ताप दाखवला, त्यावर उपचार झाला आणि ताप उतरला, म्हणून तापमापक खोटा ठरत नाही.

कालव्याकाठी

तापमापकाचे उदाहरण चांगले आहे, परंतु त्या काळात रोग्याच्या घरालाच आग लागली होती, ते आपण सोडून दिलेत. २०२५ च्या आरंभी डोनाल्ड ट्रम्प यांनी आयातशुल्काचा बडगा उगारला आणि कॅनडाला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा सुरू केली. लिबरल पक्षाचे पुनरुज्जीवन नेतृत्वबदलाने किती आणि सीमेपलीकडच्या धमक्यांनी किती झाले, याची विभागणी करायला आपल्यापाशी साधन नाही.

व्हर्डनच्या निकालात स्थानिक कारणेही होती. पॅलेस्टिनी लासालमधील नगरसेविका होत्या; त्यांची उमेदवारी पक्षांतर्गत निवड न होता वरून ठरली आणि आधीपासून तयारी करणारे इच्छुक नाराज झाले. गाझाच्या प्रश्नावर पक्षाच्याच अनेक कर्मचाऱ्यांनी या प्रचारात उतरायचे नाकारले. एनडीपीचे क्रेग सोव्हे हेही मॉन्ट्रियलचे नगरसेवक, भागात ओळखीचे. त्यांची मते नसती तर ती कुणाकडे गेली असती, हे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? तिहेरी लढतीत २४८ मतांचा फरक इतक्या कारणांनी पडू शकतो, की त्यातील एकच उचलून त्याला ‘राष्ट्रीय कौल’ हे नाव देणे मला बौद्धिक आळस वाटतो.

नाना कोल्हापूरकर

दोघांचेही वाचून ज्ञानात भर पडली. मी कॅनडा पाहिलेला नाही, पण काठावरच्या निकालांचे आम्हाला नवल नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. तेथील मतदारसंख्येच्या मानाने आपले २४८ मोठेच म्हणायचे.

माझी शंका मात्र वेगळी आहे. या पोटनिवडणुकीत ९१ उमेदवार होते आणि मतपत्रिका जवळपास मीटरभर लांब होती असे वाचले. त्यात सोव्हे आडनावाचे दोन प्रमुख उमेदवार! २०१४ साली रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली, हे आम्ही विसरलेलो नाही. अशा गर्दीत आणि अशा नामसाधर्म्यात २४८ मते इकडची तिकडे झाली नसतील कशावरून? तेथे अनामत रक्कम नसते काय? आपल्याकडचा एक षष्ठांश मतांचा नियम लावला, तर तीनच उमेदवारांची अनामत वाचली असती आणि चौथ्या क्रमांकावरील कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारालाही ती गमवावी लागली असती.

मतपेटी

नाना, रायगडची तुलना येथे लागू पडत नाही. तेथे अनोळखी अपक्षाचे नाव एका मोठ्या उमेदवाराच्या नावाशी जुळत होते. येथे दोन्ही सोव्हे आपापल्या पक्षांचे अधिकृत उमेदवार होते आणि दोघांनीही महिनाभर दारोदार प्रचार केला होता. कॅनडाच्या मतपत्रिकेवर निवडणूक चिन्ह नसते हे खरे, पण नावाखाली पक्षाचे नाव छापलेले असते. आडनावांच्या क्रमाने यादी असल्यामुळे दोघे जवळजवळ आले आणि काही मतदार गोंधळले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. परंतु तो गोंधळ एकाच दिशेने झाला, असे मानायला काय आधार आहे?

अनामत रकमेविषयी सांगायचे तर पूर्वी ती एक हजार डॉलर होती. २०१७ साली अल्बर्टातील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि नंतर कायद्यातूनही ती गेली. आता उमेदवारी अर्जावर मतदारसंघातील शंभर मतदारांच्या सह्या लागतात. एका मतदाराला अनेक अर्जांवर सही करता येते आणि अनेक उमेदवारांना मिळून एकच अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो. याच दोन तरतुदींचा उपयोग करून ‘लाँगेस्ट बॅलट कमिटी’ या गटाने डझनावारी अपक्ष उभे केले. सेंट पॉल्समध्येही ८४ उमेदवार होते. त्यांपैकी एकाला शून्य मते पडली, कारण तो स्वतः मॉन्ट्रियलचा रहिवासी असल्यामुळे त्याला स्वतःलाही मत देता येत नव्हते.

हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल, पण त्यामागे तक्रार आहे आणि ती या धाग्याच्या मूळ प्रश्नाला जाऊन भिडते. २०१५ ची निवडणूक ‘सर्वाधिक मते तो विजयी’ या पद्धतीची अखेरची असेल, असे आश्वासन ट्रूडो यांनी दिले होते आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून दिले. निवडणुकीचे नियम त्याच नियमांनी निवडून आलेल्या खासदारांनी ठरवू नयेत, ते नागरिकांच्या सभेकडे सोपवावेत, अशी या गटाची मागणी आहे. २८ टक्के मतांवर खासदार होता येते याचे याहून बोलके उदाहरण कुठले शोधायचे? धागाकर्त्यांचा बहात्तर टक्क्यांचा आक्षेप मुळात पोटनिवडणुकीवरचा नाही, निवडणूक पद्धतीवरचा आहे. सार्वत्रिक निवडणुकीतही कित्येक खासदार निम्म्याहून कमी मतांवरच निवडून येतात.

उत्तररात्र

मागणी योग्य असेलही, पण मार्ग चुकीचा आहे, हे मी अनुभवाने सांगते. सेंट पॉल्सच्या मतदानाच्या दिवशी मी एका केंद्रावर कामाला होते. ती लांबलचक मतपत्रिका घडी घालून पेटीत सरकवणे हाच एक उपद्व्याप होता. दृष्टी अधू झालेले एक आजोबा बराच वेळ पडद्यामागे आपल्या उमेदवाराचे नाव शोधत उभे राहिले. त्यांना मदत हवी का असे विचारले, तर त्यांना ओशाळल्यासारखे झाले. येथे मोजणी हाताने होते, प्रत्येक मतपत्रिका उलगडून दाखवावी लागते आणि मग तिची घडी पुन्हा घालावी लागते. पहाटे साडेचारला निकाल लागण्यामागे चुरस थोडी आणि कागद जास्त होता. खासदारांना धडा शिकवायचा होता आणि शिक्षा भोगली त्या आजोबांनी.

मुख्य निवडणूक अधिकारी स्टेफान पेरो यांनी एकाच मतदाराकडून अनेक अर्जांवर सह्या घेण्यास पायबंद घालण्याची सूचना संसदीय समितीपुढे मांडली, तीत मला काहीच गैर दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बॅटल रिव्हर–क्रोफुटच्या पोटनिवडणुकीत उमेदवार २१४ झाले आणि शेवटी छापील नावांची मतपत्रिकाच बाजूला ठेवून मतदारांना उमेदवाराचे नाव हाताने लिहायला सांगावे लागले.

मतपेटी

त्या आजोबांविषयी मला वाईट वाटते आणि तो दोष मी मान्य करतो. तरीही एक गोष्ट नोंदवतो. एरवी निवडणूक पद्धतीवर एक ओळ न लिहिणाऱ्या वृत्तपत्रांनी त्या मीटरभर कागदामुळे रकानेच्या रकाने लिहिले.

नाना कोल्हापूरकर

आणि फेरमोजणी? २४८ मतांसाठी कुणी मागितली नाही?

ओंटारिओकर

नाना, फरक वैध मतांच्या एक हजारांशाहून कमी असेल तरच न्यायाधीशांच्या देखरेखीखाली फेरमोजणी आपोआप होते. व्हर्डनमध्ये ती मर्यादा तीसेक मतांची आली असती. २४८ तिच्या कितीतरी पुढे होते. त्यापलीकडे ती हवी असेल तर मोजणीत चूक झाल्याचे शपथपत्र द्यावे लागते. नियम कागदी वाटतो, पण २०२५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत क्विबेकमधील टेरबॉनमध्ये फेरमोजणीनंतर फरक एका मताचा उरला होता.

आता धागाकर्त्यांना शेवटचे विचारतो. स्थानिक उमेदवाराचा आपला मुद्दा व्हर्डनपुरता मी मान्य करीन, कारण तेथे लिबरल पक्षाने एप्रिलमध्ये उमेदवार बदलून क्लॉड गे यांना उभे केले आणि ते जिंकले. पण सेंट पॉल्समध्ये जूनमध्ये हरलेल्या लेस्ली चर्च याच पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच डॉन स्टुअर्ट यांना हरवले. उमेदवार तेच, मतदार बहुतेक तेच, वरचा नेता मात्र वेगळा. मग जूनमधला रोष कुणावर होता?

कालव्याकाठी

सेंट पॉल्सचे उदाहरण माझ्या मांडणीला अडचणीचे आहे, हे कबूल करतो. तो रोष मुख्यतः ट्रूडो यांच्यावर होता, हे तेथपुरते मी मान्य करतो. त्या दोन निकालांनी लिबरल खासदारांना धीर दिला आणि नेतृत्वबदलाला वाट करून दिली, हेही खरे. पण तो परिणाम मतदारांच्या कौलाचा होता की त्या निकालांचा अर्थ लावणाऱ्या खासदारांच्या धास्तीचा, यावर माझे समाधान अजून झालेले नाही. त्याच सप्टेंबरच्या रात्री विनिपेगच्या एल्मवूड–ट्रान्सकोनामध्ये एनडीपीने आपली जागा कशीबशी राखली; कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष तेथे २८ टक्क्यांवरून ४४ च्या आसपास पोहोचला होता. त्या आकड्यांची चर्चा दोन दिवसांत विरली, कारण जागा हातची गेली नव्हती. व्हर्डनमध्ये सव्वाशे मतदारांनी ब्लॉकऐवजी लिबरल पक्षाला मत दिले असते, तर तेथील सोळा गुणांच्या घसरणीचेही तसेच झाले असते.

आणि आकड्यांची तुलना करताना एक खबरदारी आपण दोघांनीही घ्यायला हवी : २०२५ ची निवडणूक ३३८ ऐवजी ३४३ जागांच्या नव्या आखणीवर झाली. ‘तेच मतदार’ म्हणताना आधी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावे लागतील. तेवढे मी या आठवड्यात करतो आणि येथेच लिहितो.