ग्रीस, इटली की तुर्कस्तान? सोबत आई आहे

होटगीरोड:
नमस्कार मंडळी. सोलापूर ४३ वर गेलं की आमच्या घरात दरवर्षी 'महाबळेश्वर' हा एकच ठराव पास होतो. यंदा लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून बायकोनं तो फेटाळला. तिला भूमध्य समुद्र बघायचाय. त्यातला देश कुठला, तर "ते तुम्ही बघा". मे महिना, दहा दिवस, आम्ही दोघं आणि आई (वय ७१, डावा गुडघा कुरकुरतो, शाकाहारी, कांदा-लसूण चालतं). एका टूरवाल्यानं दहा दिवसांत इटली, ग्रीस नि तुर्कस्तान असं पत्रक दिलंय. हुतात्मा एक्सप्रेस पकडायच्या सकाळीच आमची भांडणं होतात, इथं तर चार विमानं आहेत. काय करावं?

चाटीगल्ली:
पत्रक रद्दीत घाला. इटली-ग्रीसला एकच शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) चालतो, तुर्कस्तान त्याच्या बाहेर. वैध शेंगेन व्हिसा हातात असला तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, पण तिकडून परत ग्रीसला यायचं तर शेंगेन एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. एवढी उठाठेव दहा दिवसांसाठी कशाला? आणि जिथं जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. तारखा संपतात, लवकर हला.

भटकभवानी:
मी सासूबाईंना घेऊन ग्रीस केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी चूक आधी सांगते. फोटोतल्या पांढऱ्या भिंती नि निळे घुमट बघून सँटोरिनी बेटावर कड्यावरची खोली घेतली. 'समुद्राचा देखावा' लिहिलं होतं, पायऱ्यांचं एक अक्षर नाही. रस्त्यापासून खोलीपर्यंत ८७ पायऱ्या. मी मोजल्या, कारण सासूबाई दर दहा पायऱ्यांनी भिंतीला टेकून "अजून किती गं?" विचारत होत्या. दोन दिवस त्या खोलीतच बसल्या, देखावा बघत.

मग नॅक्सोस या दुसऱ्या बेटावर गेलो आणि जीव भांड्यात पडला. बंदराजवळच सपाट किनारा, खोलीतून चपला घालून थेट वाळूत. बंदराशेजारी अपोलोच्या अर्धवट देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे. देऊळ कधी पुरं झालंच नाही, दार तेवढं राहिलं. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ठेकेदार पळाला असणार."

खाण्याचं म्हणाल तर 'फावा' मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा नि ऑलिव्ह तेल. पहिला घास घेऊन सासूबाईंनी पिशवीतून शेंगाचटणी काढली, बोटानं खळगा करून त्यात घातली आणि वाढणाऱ्या पोरालाही चाखवली. बिचारा पाण्याचा जग घेऊन पळाला. कडक भाकरीही नेली होती, ती शेवटपर्यंत टिकली. तूप-पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसला (जुन्या देवळांची टेकडी) चढ आहे, पण चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. आधी विचारून घ्या. सकाळी उघडताच जा. आपल्याला ऊन काय नवीन, पण तिथं संगमरवर खालूनही भाजतो.

नवीपेठ_नाका:
इटलीची बाजू कुणीतरी घ्या की ओ! रोमहून नेपल्सला वेगवान गाडीनं सव्वा तास, तिथून पुढं लोकलनं पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं शहर. मला ग्रीसपेक्षा तेच जास्त भावलं. मात्र पॉम्पेईचे रस्ते म्हणजे मोठमोठे उंचसखल दगड. आईंचा गुडघा म्हणताय, तर एक दिवस त्यांना हॉटेलातच ठेवावं लागेल.

होटगीरोड:
आईला सगळं वाचून दाखवलं. हॉटेलात बसायला ती तयार नाही, सबब इटली बाद. अथेन्स तीन रात्री, बाकी नॅक्सोस. बायको म्हणते, निळे घुमट बघितल्याशिवाय परत येणार नाही, तर नॅक्सोसहून एका दिवसात सँटोरिनी होईल का? आणि आई विचारतेय, त्या पोराला पाणी तरी दिलंत का?

भटकभवानी:
होईल, फेरीबोटीनं जाऊन संध्याकाळी परत. वेळापत्रक आधी बघून ठेवा, वारा सुटला की बोटी रद्द होतात. पाणी त्यानं स्वतःच घेतलं. दुसऱ्या दिवशी चटणी परत मागितली.