मदत हवी आहे: मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. आई मे महिन्यात बहिणीकडे न्यू जर्सीला चाललीय. वय ६८, एकटी, पहिलाच विमानप्रवास. तिकिटावर मुंबईहून १५ तारखेला ०१:३० ला सुटणार आणि त्याच दिवशी सकाळी ०८:०० ला न्यूयॉर्कला पोचणार असं आहे. म्हणजे साडेसहा तास? एजंट म्हणतो सोळा. अंतर साधारण १२,५५० किमी दिसतं, ताशी नऊशेने भागलं तर चौदाच येतात. खरं काय? तिच्या शुगरच्या गोळ्यांच्या वेळा ठरवायच्या आहेत म्हणून विचारतोय. सांगलीतून कधी निघावं तेही सांगा.

हरभट रोड:
एजंट बरोबर आहे. तिकिटावर सुटायची वेळ इथली, पोचायची तिथली. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळी आठ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेपाच. दीडपासून मोजा, सोळा तास. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग फरक साडेदहा. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर लक्षात ठेवा.)

तुमचे १२,५५० म्हणजे गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. ती दोरी पाकिस्तान, रशिया, आइसलंडवरून जाते. विमानाला तसं सरळ जाऊ देतील तर ना! एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा पडला. त्यात उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून येतात, जाताना समोरून. म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी भरतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं हेही त्या सोळा तासांतच.

मिरज जंक्शन:
तारीख नीट बघा! १५ तारखेचं रात्री दीड म्हणजे १४ च्या रात्री साडेदहाच्या आत विमानतळावर. लोक १५ ला दुपारी घरातून निघतात आणि तिकीट बुडतं. १४ ला सकाळी अकराला सांगली सोडा. खंबाटकी किंवा खंडाळा घाटात अडकलात तरी हातात वेळ राहील.

कोल्हापूरहून मुंबईचं विमान धरायचा विचार असेल तर जपून. वेगळं तिकीट असेल तर सामानाची मर्यादा देशांतर्गत प्रवासाची, सहसा १५ किलो. भडंग-बेदाण्यांचे डबे त्यात मावायचे नाहीत.

हरभट रोड:
गोळ्यांचं घड्याळाच्या वेळेवर ठेवू नका, "आधीच्या गोळीनंतर इतक्या तासांनी" असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीतच. व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, इमिग्रेशनला सोबत माणूस मिळतो.

कृष्णाकाठचा:
आभार. तारखेचं डोक्यातच नव्हतं आलं. दुबईमार्गे तिकीट बरंच स्वस्त आहे, ते बघू का?

मिरज जंक्शन:
तुम्ही जाणार असता तर हो म्हटलं असतं. आईंना थेटच पाठवा.