झाडं बघायची की कथा शोधायची?

जवळजवळ संवादच नसलेल्या एका चित्रपटावरच्या चर्चेत ‘दीड तास झाडं आणि बर्फच दाखवायचा होता तर कॅलेंडर छापायचं’ ही तक्रार वाचून मनापासून हसलो. आणि ‘ज्यांना कळला नाही त्यांनी मसालापट बघावेत’ हे त्यावरचं उत्तर पटलं नाही. कंटाळा येणं म्हणजे अडाणीपणा नव्हे.

पण संवाद नाहीत म्हणजे काही घडत नाही, असंही नाही. पोलिश दिग्दर्शक स्कोलिमोव्स्कीचा ‘इसेन्शियल किलिंग’ (२०१०) आठवा. बर्फाळ रानात जिवाच्या आकांतानं पळणारा नायक, तोंडातून एक शब्द नाही. तरी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक ही भूमिका करणाऱ्या व्हिन्सेंट गॅलोलाच मिळालं. तिथे धाप, पावलं, भूक हेच संवाद. अशा चित्रपटांत अर्धं काम ध्वनी करतो, त्यामुळे चर्चेतला हा चित्रपट लॅपटॉपच्या स्पीकरवर बघितला असेल तर निम्मा चित्रपट हुकलाच म्हणायचा. (मीही पहिल्यांदा तसाच बघितला, अन् झोपलो.)

लांबलचक शॉट्सबद्दल मात्र तक्रारीच्या बाजूने आहे. पूर्वी फिल्मचं हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटांत संपायचं. डिजिटलला तो लगाम नाही, आणि काही दिग्दर्शकांना ‘कट’ म्हणायचंच सुचत नाही. या चित्रपटातला धुक्याचा तो शेवटून दुसरा शॉट निम्मा केला असता तरी चाललं असतं.