टप्पा वाढला म्हणे, पण पगारात दिसेना. मार्ग सांगा

नमस्कार मंडळी,

आमचे हे राधानगरी तालुक्यातल्या एका अंशतः अनुदानित हायस्कुलात विज्ञान शिकवतात. शाळा 40 टक्क्यांवर, म्हणजे पगाराचा तेवढाच भाग सरकार देतं. उरलेले 60 टक्के संस्थेनं द्यायचे असतात. कुठली संस्था देते, सांगा! उलट वीजबिल थकलं की शिक्षकांकडूनच वर्गणी निघते.

ऑक्टोबर 2024 मध्ये अनुदानाच्या पुढच्या 20 टक्क्यांचा, म्हणजे टप्प्याचा, शासन निर्णय निघाला, पण निधीची तरतूदच नव्हती. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झालं, हेही गेले होते. त्यानंतर ऑगस्टपासून टप्पा द्यायचं ठरलं. शेजारच्या शाळेला मिळाला, आमची फाईल त्रुटी लावून परत. कारण काय, तर संचमान्यतेत (मुलांच्या पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करतात त्यात) आधार वैध नसलेली मुलं धरली नाहीत. आधारवर कुणाच्या नावात ‘पाटील’ आहे, शाळेच्या नोंदीत नाही. वर्गात पोरं बसलेली दिसतात, पण पट कमी भरला आणि ह्यांचं पद अतिरिक्त दाखवलंय.

2025-26 च्या अर्थसंकल्पातच 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली होती, तेव्हा सरकारची ओढाताण मलाही कळते. पण तिजोरीत खडखडाट झाला की फायलींत त्रुटी जास्तच सापडायला लागतात, असं माझं मत झालंय.

घर सध्या दहा दिवसांच्या दूध बिलावर चाललंय, त्यातलंही अर्धं पतसंस्थेच्या हप्त्याला. ह्यांनी शिकवणी घ्यावी म्हटलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम 28 नं मनाई. (शहरातले क्लास मात्र जोरात आहेत, ते सोडा.)

आता आधार दुरुस्त केले तर संचमान्यता पुन्हा होते का? आणि ऑक्टोबर 2024 पासूनचा पगाराचा फरक कुणाला मिळालाय का?

प्रतिसाद

ताई, आधी त्रुटीचं पत्र लेखी हातात घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. देत नसतील तर मुख्याध्यापकांनी माहिती अधिकारात अर्ज टाकावा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग आधारवरचं नाव शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी (जनरल रजिस्टर) जुळवून घ्या आणि दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका. फरकाच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका. पगार काढणारं वेतन पथक शासन निर्णयातल्या तारखेच्या मागं जात नाही.

धागाकर्ती

आभारी आहे दादा. पण मुख्याध्यापक म्हणतात, प्रस्तावावर संस्थेच्या सचिवांची सही लागते. आणि सचिव म्हणतात, आधी वर्गणीची बाकी भरा. अशा वेळी शिक्षकाला एकट्याला प्रस्ताव देता येतो का? कुणी दिलाय का?