जावामधल्या एका खेड्यात दहा दिवस राहायचंय, कोणी गेलंय का?

चाकरमानी_मुलुंड

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. आमच्या ऑफिसात इंडोनेशियाचा एक मुलगा दोन वर्षं होता, आता परत गेला. त्याचं गाव मध्य जावात, वोनोसोबो जिल्ह्यात, डिएंग पठाराच्या खालच्या उतारावर. आईवडील शेती करतात, खाली थोडा भात आणि वर तंबाखू, भाजीपाला. तो सारखा म्हणतोय या, घरीच राहा, हॉटेलबिटेल नको. बालीच्या बीचचं मला काही पडलेलं नाही, बायकोलाही नाही (तिला आहे थोडं, पण ती इथे वाचत नाही).

खरं कारण सांगतो. लांज्याजवळ आमची दीड एकर भातजमीन आहे. आजोबा गेल्यापासून शेजारी करतो, अर्धेलीने म्हणायचं, प्रत्यक्षात गणपतीला अर्धं पोतं तांदूळ येतो आणि आम्ही तोंड न उघडता घेतो. बाबा ७४ वर्षांचे, मुलुंडच्या गॅलरीत बसून दर जूनला विचारतात पेरणी झाली असेल का रे. आणि हा मुलगा सांगतो की त्याचे वडील जेमतेम वीस गुंठ्यांवर अजून तग धरून आहेत. ते कसं जमतं ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

तर कधी जावं, कसं जावं, बायको शाकाहारी आहे तिचं काय, आणि लोकांच्या घरी राहताना काय पाळायचं? बाबाही येतो म्हणतायत.

सेमारांग_रिटर्न

मी चार वर्षं सुताच्या धंद्यात तिकडे होतो, सेमारांगला, वोनोसोबोला बरेचदा गेलोय. पहिली गोष्ट, ईदच्या आसपास अजिबात जाऊ नका. त्याला ते लेबारान म्हणतात आणि गावी जायला मुदिक. आपल्याकडे गणपतीला दादरहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं जे होतं ना, ते अख्ख्या देशाचं एकदम झालंय असं समजा. मुदिक शब्दच मुळात उदिक म्हणजे वरचं, नदीच्या उगमाकडचं गाव यावरून आलाय. म्हणजे तुमचा तो मुलगाही चाकरमानीच.

ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट. आपल्याकडे धो धो चालू असतं तेव्हा तिकडे कोरडा सीझन, पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. शिवाय तेव्हा तंबाखूची तोडणी असते. पानं बारीक चिरून बांबूच्या लांबट तट्ट्यांवर, रिगेन म्हणतात त्याला, उन्हात पसरतात आणि रस्त्याच्या कडेला, अंगणात, जागा मिळेल तिथे तट्टे उभे. एकदा मी बघत असताना ढग आला तर गल्लीतली सगळी माणसं, म्हातारी-पोरं, अक्षरशः धावली तट्टे आत घ्यायला, कोणाचा कोणता हे न बघता. हातातला चहा तसाच टाकून मीही चार उचलले. दोन दिवस बोटांचा वास गेला नाही. हा तंबाखू जातो क्रेतेकमध्ये, लवंग घातलेली त्यांची सिगारेट. गावभर तोच गोडसर वास.

जायचं म्हणजे क्वालालंपूर किंवा सिंगापूरला विमान बदलून योग्यकर्ता. नवा विमानतळ शहरापासून लांब पश्चिमेला आहे, तुम्हाला ते सोयीचंच, शहरात न शिरता गाडी करून वर जाता येतं. व्हिसा उतरल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, फी ५ लाख. रुपये नाही हो, रुपियाह. बाबांना आकडा सांगताना जपून.

घरी राहणार तर तो मुलगा तुमची नोंद पाक आरतेकडे करेल. आरते म्हणजे गल्लीतल्या घरांचा मुख्य, आपला सोसायटीचा सेक्रेटरी समजा, फरक इतकाच की हा खरंच मदत करतो. गल्लीच्या तोंडाशी पाटीच असते, पाहुणा २४ तास राहणार असेल तर कळवा. पोलिसी चौकशी वाटून घेऊ नका.

बाथरूममध्ये टाइल्सचा चौकोनी हौद असेल. त्यात उतरायचं नाही! शेजारी मग असतो, पाणी घेऊन अंगावर ओतायचं. आपल्याला सांगायची गरज नाही, पण माझा एक गोरा सहकारी उतरला होता आणि घरातल्यांना हौद रिकामा करून घासावा लागला. पाणी बर्फासारखं असतं. डिएंगला वर, २००० मीटरवर, जुलै-ऑगस्टच्या पहाटे कधी कधी दव गोठतं, बटाट्याचं पीक काळं पडतं, म्हणून लोक त्याला विषारी दव म्हणतात. स्वेटर न्या. बाबांना कानटोपी.

वहिनींसाठी: भात, टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) मुबलक. वोनोसोबोत तेंपे कमुल मिळतं, हळदीच्या पिठात तेंपेची चकती तळलेली, कमुल म्हणजे पांघरूण. गरम खा, भजी विसराल. पण संबल म्हणजे चटणीत बहुतेक वेळा तेरासी असते, सुकवलेल्या कोळंबीची. "तान्पा तेरासी" म्हणायचं, तेरासीशिवाय. मांस नको सांगितलं तर ते कोळंबी मोजत नाहीत, आपल्याकडेही काही ठिकाणी सुकटीला मासे म्हणत नाहीत तसंच.

पेज_आणि_पापड

सेमारांगकाका, मस्त लिहिलंय. मी फक्त बाली केलंय, जातिलुवीहला, तेही टुरिस्टासारखं. पाणी वाटायची त्यांची सुबाक पद्धत २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. कोणत्या शेताला कधी पाणी हे पाणमंदिरांतल्या सणांच्या हिशोबाने ठरतं. ७०च्या दशकात सरकारने जास्त पिकाच्या नादात ज्याला हवं तेव्हा लावा म्हटलं तर किडीने उच्छाद मांडला, कारण आधी सगळे एकदम शेतं मोकळी ठेवायचे आणि किडीला खायला काही उरायचं नाही. जावातही असं असतं का?

सेमारांग_रिटर्न

@पेज_आणि_पापड, जावात मंदिरांची ती व्यवस्था नाही, बहुतेक मुसलमान गावं. पण भाताची देवी देवी स्री, म्हणजे आपली श्रीच, तिला म्हातारे अजून मानतात. पूर्वी कापणीला तळहातात लपेल एवढी चाकूची पात वापरायचे, आनी-आनी, एक एक लोंब कापायची, कारण विळा बघून स्री घाबरेल. आता विळाच. डिएंगवरची जुनी शिवमंदिरं अर्जुन, भीम, घटोत्कच अशा नावांची आहेत, बाबांना नक्की दाखवा.

शंकासुर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून बोलतो. डिएंगच्या उतारांवर बटाट्यासाठी झाडं तोडून शिखरापर्यंत वाफे काढलेत, माती सेरायू नदीत जाते आणि खालच्या धरणात गाळ साचतोय. आणि वीस गुंठ्यांवर तग धरलाय म्हणजे पोरगा पैसे पाठवतोय, विचारा त्याला. २०१३ च्या शेती-गणनेत तिकडची निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबं अर्ध्या हेक्टरच्या आतली, म्हणजे आपल्या पन्नास गुंठ्यांच्या आत. भूमिहीन दुसऱ्याचं कसतो, निम्मं पीक मालकाला, त्याला मारो म्हणतात.

आणि चाकरमानी, तुमच्यासाठी खास. १९६०च्या त्यांच्या जमीन कायद्यात गावाबाहेर राहणाऱ्याने शेतजमीन धरून ठेवायलाच बंदी आहे. मालक दुसऱ्या तालुक्यात गेला तर जमीन विकायची नाहीतर परत यायचं. कागदावर हं, पाळतंय कोण. पण मुलुंडात बसून लांज्याची जमीन हा तिकडे बेकायदा प्रकार.

चाकरमानी_मुलुंड

शंकासुरा, लागलं पण खरं आहे. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन होऊन गेला, कसणारी कुळं मालक झाली, आजोबा तेव्हा स्वतः कसत होते म्हणून जमीन राहिली. आता शेजाऱ्याने कुळाचा अर्ज केला तर मी काय उत्तर देणार माहीत नाही.

त्या मुलाला फोन केला. पैसे पाठवतो म्हणाला, दर महिन्याला. पण वडील बटाटा लावत नाहीत, औषधं परवडत नाहीत, म्हणून भात सोडलेला नाही, पाणी असतं म्हणून वर्षातून दोनदा निघतो. एकाच्या शेतात लावणी तर बांधापलीकडे कापणी. लावणीला त्यांचा शब्द तांदुर, आणि गावात गंमतीने सांगतात की तो "नीट लावत मागे सरका" यातून आला. हे बाबांना सांगितलं तर उठून उभे राहिले आणि गॅलरीत मागे मागे सरकत दाखवायला लागले. तुळशीच्या कुंडीला पाय लागला.

तिकिटं २२ ऑगस्टची काढली. बाबांचा नवा प्रश्न, तिकडचं मूठभर बियाणं लांज्याला आणता येईल का?

सेमारांग_रिटर्न

नाही. परवान्याशिवाय बियाणं आणू नका, क्वारंटाइनवाले काढून घेतात.

चाकरमानी_मुलुंड

सांगितलं. हिरमुसलेत. आता म्हणतायत मग आपलं इरलं नेऊ त्यांना दाखवायला. म्हटलं बाबा तिकडे तेव्हा पाऊस नसतो. तर म्हणे असू दे, घालून दाखवेन. माळ्यावरून काढलंय, पानं कधीच गेली, वरून निळं प्लास्टिक शिवलंय. बॅगेत मावत नाहीये, केबिनमध्ये चालेल का?